ग्रीन कार्ड आधी की लग्न आधी?

स्थळाच्या बायोडेटात 'अमेरिकेत ग्रीन कार्डधारक' असं वाचलं की मुलीकडच्यांना हायसं वाटतं. "आता काय, लग्न झालं की एच-४ वर जाईल," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता अंगावर येतं. ते साफ चूक आहे, आणि ती चूक निस्तरण्यात नव्या जोडप्याची वर्षं जातात.

एच-४ म्हणजे काय? नवरा एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आणि बायको त्याच्या आधाराने एच-४ व्हिसावर. पण ग्रीन कार्ड मिळालं की त्याचं एच-१बी संपतं, मग त्याच्या आधारावरचं एच-४ कुठून मिळणार?

खरा घोळ याच्या पुढे आहे. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोसाठी वाटा दोन आहेत. पहिली 'फॉलोइंग टू जॉइन': नवऱ्याला नोकरीवरून ज्या अर्जात ग्रीन कार्ड मिळालं, त्यातच बायकोचाही हक्क धरला जातो. त्याचीच प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, तिला लागू होते. नवरा आय-८२४ हा मंजूर अर्जावर पुढची कारवाई मागणारा फॉर्म भरतो आणि प्रकरण वकिलातीकडे जातं. मधल्या काळात भारतीयांच्या रांगेत ज्या तारखेपर्यंतचे नंबर लागताहेत ती तारीख मागे सरकली तर थांबावं लागतं, पण रांग नव्याने लावावी लागत नाही. दुसरी वाट एफ-टू-ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांचा आणि मुलांचा गट: नवऱ्याने आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरायचा आणि त्या दिवसापासून बायकोचा नंबर लागायचा. या गटाला वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा, तेही साऱ्या जगासाठी आणि मुलांना धरून.

यातली कोणती वाट मिळणार, हे पगारावर ठरत नाही, वकिलाच्या हुशारीवरही नाही. लग्न ग्रीन कार्डाच्या आधी झालं की नंतर, एवढंच बघतात. आधी झालं तर पहिली वाट, एक दिवस नंतर झालं तरी दुसरी. साखरपुडा धरत नाहीत.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा मे महिन्यात झाला. मुलाचा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरलेला होता, निकाल यायचा होता. मी तेव्हाच म्हटलं, आधी लग्न उरका, मोठा समारंभ मागून करा. पण हवं ते कार्यालय डिसेंबरातच मिळत होतं. सप्टेंबरात कार्ड मंजूर झालं आणि घरात पेढे वाटले. आज ती नाशकात आहे, तो डॅलसला, आणि महिन्याच्या महिन्याला व्हिसा बुलेटिन हे अमेरिकी सरकारचं तारखांचं पत्रक उघडून तारीख किती सरकली ते ती बघते. अर्ज प्रलंबित असताना लग्न झालं असतं तरी चाललं असतं, फक्त ते लगेच इमिग्रेशन खात्याला कळवायला हवं होतं.

"आमच्या सुनेला तर काहीच थांबावं लागलं नाही," असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात एफ-टू-एची तारीख 'करंट' होती, म्हणजे नंबरासाठी थांबणं नव्हतंच. एप्रिल २०२३ मध्ये ती एकदम सप्टेंबर २०२० वर मागे गेली. त्या काळातला सल्ला आज कृपा करून कुणाला देऊ नका.

नोंदणीबद्दलही एक गैरसमज आहे. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. आपल्याकडच्या दाखल्यावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात, आणि मोजायची ती विवाहाची. तरीही नोंदणी त्याच आठवड्यात करा असंच मी सांगेन. कार्ड आल्यावर काढलेल्या दाखल्यावर आधीची विवाहतारीख दिसली की मुलाखतीत प्रश्न येणारच. विशेष विवाह कायद्याखाली करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस आधी धरून चाला.

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर एवढ्या काळजीचं कारण नाही. नागरिकाच्या बायकोला नंबरांची मर्यादाच नाही. एफ-टू-एत थांबलेलीचा नवरा पुढे नागरिक झाला तर तीही त्या रांगेतून सुटते. के-१ हा वाग्दत्त वधूचा व्हिसा मात्र फक्त नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्डवाल्यासाठी त्याची चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

"तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहा" हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. आय-१३० भरला म्हणजे तिथे कायमचं राहायचं आहे हे तुम्ही लिहून दिलंय. टुरिस्ट व्हिसाला परत येण्याची खात्री पटवावी लागते. नकाराचा शिक्का वर कशाला हवा?

स्थळ बघताना पगाराइतक्याच मोकळेपणाने विचारा: कार्ड हातात आलंय की आय-४८५ प्रलंबित आहे? हातात असेल तर त्यावर 'रेसिडेंट सिन्स' म्हणून तारीख छापलेली असते. आणि प्रलंबित असेल तर कार्यालयाची तारीख नंतर बघा, आधी लग्न लावा.