चुलीचे तीन दगड आणि ॲक्सलच्या दांड्या

आमच्या वाडीतून सड्यावरच्या काजूच्या बागेत जाणारी वाट म्हणजे बंद पडलेल्या चिरेखाणीचं उरलंसुरलं. एका अंगाला कातळाची पायरी, दुसऱ्या अंगाला पावसाने खणलेली घळ. आगोटीच्या तोंडावर आमची जुनी जीप तिथे चढवताना मागचं डावं चाक अधांतरी राहिलं, गाडी डुलली आणि खालून खटकन आवाज आला. मेस्त्री वाकून बघत म्हणाला, "मेन पाटो गेलो." पाटा म्हणजे गाडीचं वजन पेलणारी, एकावर एक पोलादी पानांची स्प्रिंग. मग तासभर चहावर एकच विषय: पाटे काढून कॉइल आणि दांड्या घालायच्या का? आणि घातल्याच तर तीन, चार की पाच?

पाट्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पाटा एकटा दोन कामं करतो: वजन पेलतो आणि ॲक्सलला, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्याला, जागेवर धरतो. चिरे नाहीतर आंब्याच्या पेट्या वाहायच्या असतील तर मी आजही पाटेच ठेवीन. कातळावर मात्र त्याची पंचाईत होते. मऊ पाटा चाकाला खाली उतरू देतो, पण चढावर जोर दिला की एस अक्षरासारखा वाकतो. कडक पाटा वाकत नाही, पण चाक हवेत लटकत ठेवतो. त्यात पानापानांत लाल माती आणि खारी हवा शिरून गंज धरला की तो आणखी आखडतो.

कॉइल स्प्रिंगला वजन पेलण्यापलीकडे काही जमत नाही. म्हणून ॲक्सल धरायला दांड्या, म्हणजे लिंक लागतात. किती, हे मोजता येतं. सुटा ॲक्सल सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकणं आणि तीन प्रकारे फिरणं. आपल्याला त्यातल्या दोनच हालचाली हव्यात. सगळा ॲक्सल वर-खाली व्हावा, आणि एक चाक वर असताना दुसरं खाली जावं. उरलेल्या चार बांधायच्या. दोन्ही टोकांना मोकळा सांधा असलेली दांडी एकच हालचाल बांधते, तेव्हा दांड्या हव्यात चार. कमी पडली तर ॲक्सल भरकटेल, जास्त झाली तर दांड्या एकमेकींशी भांडतील. चुलीला तीन दगड असतात म्हणून टोप डुगडुगत नाही. चौथा ठेवायचा तर तो नेमक्या उंचीचाच शोधावा लागतो.

इथे नावं फसवतात. थ्री-लिंकमध्ये खाली दोन, वर एक अशा तीन लांब दांड्या असतात आणि चौथी आडवी, तिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. हिशेब बरोबर चार. फोर-लिंकमध्ये वरच्या दोन दांड्या तिरक्या, त्रिकोणासारख्या बसवल्या की त्याच ॲक्सलला आडवं सरकू देत नाहीत, पॅनहार्ड लागतच नाही. इथेही चार. पण चारही लांब दांड्या समांतर ठेवून शिवाय पॅनहार्डही जोडली की होतात पाच. जीप रँग्लरची फाइव्ह-लिंक ती हीच. एक जास्तीची, तरी ती चालते, कारण सांध्यातल्या बुशचं, म्हणजे कड्याचं, रबर थोडं दबून भांडण मिटवतं.

सुझुकी कंपनी आपल्या जिम्नी गाडीच्या ॲक्सललाही थ्री-लिंक म्हणते, पण तिथे दोन जाड हात आणि एक आडवी दांडी आहे. प्रत्येक हात ॲक्सलला दोन बुशांनी पकडलेला, त्यामुळे एक चाक वर जाताना सगळा पीळ रबर सोसतं. रस्त्यावर गाडी कमी कलते हा फायदा, कातळावर चाक कमी उतरतं हा तोटा.

पॅनहार्डची एक खोड आहे. तिचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या चौकटीला, अडकलेलं, म्हणून दुसरं टोक कमानीत फिरतं आणि ॲक्सलला बाजूला ओढतं. ९०० मिलिमीटरची आडवी दांडी १५० मिलिमीटर वर गेली की ॲक्सल सुमारे १३ मिलिमीटर सरकतो, ६०० ची असेल तर १९. पुढच्या ॲक्सलला तरी मी ती पत्करतो, कारण स्टिअरिंगची आडवी दांडी तिला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीची ठेवली की दोन्ही एकाच कमानीत फिरतात आणि खड्ड्यात स्टिअरिंग हिसका देत नाही. शिवाय पुढे इंजिनच्या चेंबरशेजारी, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीशेजारी, दोन तिरक्या दांड्या मावायच्या कुठे? मागे मात्र त्रिकोणी फोर-लिंक. १९७० च्या रेंज रोव्हरने मागे वरच्या बाजूला ए-आकाराचा सांगाडा घालून हेच साधलं होतं. स्कॉर्पिओ-एन हे सरकणं वॉट लिंकेजने, म्हणजे मधल्या फिरत्या तुकड्याला जोडलेल्या दोन आडव्या दांड्यांनी, टाळते. ती युक्ती जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढली होती!

आता जोराचं गणित, कारण दांड्या तुटतात त्या इथे. समजा दोन्ही चाकं मिळून जमिनीला हजार किलोचा रेटा देतात. खालच्या दांड्या ॲक्सलला जमिनीपासून ३३० मिलिमीटरवर आहेत, वरची त्याहून २०० वर. वरच्या दांडीवर ताण येतो १६५० किलोचा आणि खालच्या दोघींवर मिळून दाब २६५० चा. रेट्याच्या अडीच पटींहून जास्त! अंतर २०० ऐवजी १५० केलं तर हेच आकडे २२०० आणि ३२०० होतात. थ्री-लिंकमध्ये वरचा सगळा ताण एकट्या दांडीवर येतो, म्हणून तिच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर काटकसर नको.

सांध्यांचं म्हणाल तर उघडे धातूचे बॉल जॉइंट छान मोकळे फिरतात, पण व्हाळातला गाळ आणि खारी हवा त्यांना लवकर खातात. मग खडखड सुरू. आपल्याकडे रबर बुशच बरे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

आमच्या जीपला शेवटी नवा मेन पाटा बसला. जुना मेस्त्रीने ठेवून घेतला, पहारीला म्हणून.