चाचणी कुणी पाहिली?

ऑलिंपिक चार वर्षांनी येतं आणि गल्लीबोळात त्याची चर्चा होते. त्याआधीची निवड चाचणी मात्र आपल्याकडे कधी उरकते ते कळतही नाही. खान्देशातल्या माणसाला हे जरा जास्तच खटकतं, कारण त्याला जत्रेतल्या दंगलीची सवय आहे. तिथं जोड लागते ती सगळ्यांसमोर. इनाम किती ते भोंग्यावर पुकारलं जातं. जोड विजोड वाटली तर लोक बसल्या जागेवरून आरडाओरडा करतात आणि पंचांना ती बदलावी लागते. पाठ टेकली की नाही यावर चारी बाजूंनी हजार डोळे असतात. "कोन जिकनं, भो?" हे विचारतो तो फक्त उशिरा पोचलेला.

ऑलिंपिकच्या बाबतीत आपण सगळेच उशिरा पोचलेले.

गंमत म्हणजे या देशातली पहिली ऑलिंपिक चाचणी महाराष्ट्रातच झाली, तीही खुल्या मैदानावर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही पोरं युरोपात नेली पाहिजेत असं त्यांच्या मनानं घेतलं. 1920 मध्ये पुण्यात चाचणी झाली आणि चार धावपटू व दोन पैलवान अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये 19वे आले. निवडीच्या वेळचा एक किस्सा सांगतात: शंभर मीटरला पात्रतेची वेळ किती, असं विचारल्यावर जिमखान्याचे एक सभासद म्हणाले, असेल मिनिट-दोन मिनिटं! हिशेब सेकंदाचा आणि त्याच्याही दहाव्या भागाचा असतो हे कळल्यावर त्यांची वाचाच बसली. पुढं 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा भरवली गेली. आजच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं मूळ तिथं आहे. म्हणजे त्या स्पर्धा जन्माला आल्या त्याच मुळी चाचणी म्हणून.

खाशाबा जाधवांनाही 1952 साली निवडीसाठी भांडावं लागलं होतं. आधीचा निकाल विरोधात गेला, दाद मागितल्यावर पुन्हा कुस्ती लावली गेली, ती त्यांनी मारली आणि हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, अशी हकीकत सांगतात. ती दुसरी कुस्ती लागलीच नसती तर?

टीव्ही या गोष्टीत फार उशिरा शिरतो. मुंबई दूरदर्शन 1972 चं, पण तापीकाठच्या गावांना त्याचा उपयोग शून्य. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनी रंगीत चित्र आणलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर जिल्ह्याच्या ठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रं धडाक्यानं उभी राहिली. त्यांचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. त्यापलीकडच्या गावात अँटेना बांबूवर चढायचा, एकानं धाब्यावर उभं राहून तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्यानं ओरडायचं, "आता मुंग्या कमी झाल्या, थांब!" अशा पडद्यावर ऑलिंपिक आलं. चाचणी आली नाही. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं हे पोराटोरांना पाठ होतं, पण ती तिथवर कोणत्या शर्यती जिंकून पोचली हे कुणी पाहिलं नव्हतं.

यात हक्कांची भानगड आहे. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाचे हक्क आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती विकते, पात्रता स्पर्धा त्या त्या खेळाच्या जागतिक महासंघाच्या आणि देशातली चाचणी राष्ट्रीय महासंघाची. तीन मालक, तीन सौदे. खासगी वाहिनीनं महत्त्वाच्या स्पर्धांचं चित्र प्रसार भारतीला द्यावं असा कायदा 2007 मध्ये झाला. त्याच्या यादीत ऑलिंपिक आहे, देशांतर्गत निवड चाचण्या नाहीत.

पात्रतेचा अर्थ आपल्याला खऱ्या अर्थानं शिकवला तो हॉकीनं. मार्च 2008 मध्ये चिलीतल्या सँटियागोत ब्रिटननं आपल्याला 2-0 असं हरवलं आणि 1928 नंतर प्रथमच भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकबाहेर राहिला. इकडं भारनियमनाचे दिवस. बातमी कळली ती सोमवारी सकाळी. चार वर्षांनी दिल्लीत फ्रान्सला 8-1 हरवून संघ परतला, संदीप सिंगचे पाच गोल. जानेवारी 2024 मध्ये रांचीत जपानकडून 0-1 हरून महिलांची पॅरिसवारी हुकली, ते मात्र लोकांनी हातातल्या मोबाइलवर पाहिलं.

अमेरिकेत चाचणी हाच मोठा तमाशा असतो. ॲथलेटिक्समध्ये पात्रता निकष गाठलेले पहिले तीन जाणार, बाकी कितीही मोठं नाव असो, घरी. 1992 मध्ये डेकॅथलॉनचा, म्हणजे दहा प्रकार मिळून होणाऱ्या स्पर्धेचा, विश्वविजेता डॅन ओब्रायन पोल व्हॉल्टच्या तिन्ही उड्या चुकला आणि संपला. बुटांच्या एका कंपनीनं त्याच्यावर प्रचंड खर्चाची जाहिरात मोहीम उभी केली होती, तीही आडवी झाली. क्रूर आहे खरं, पण वाद उरत नाही. सगळ्या देशानं पाहिलेलं असतं.

आपल्याकडं 2016 मध्ये याच्या बरोबर उलट झालं. 2015 च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्य जिंकून नरसिंग यादवनं 74 किलोचा कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधली जागा, आणला. सुशील कुमारनं चाचणी मागितली. कोटा देशाचा असतो, पैलवानाचा नव्हे, हा त्याचा मुद्दा. जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं मागणी फेटाळली. नरसिंग 2011 ते 2013 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. त्याच्या पाठोपाठची तीन वर्षं ती गदा आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींकडं आली. त्यामुळं इथं पारावर दोन तट पडले नसते तरच नवल. पुढं उत्तेजक चाचणीचं प्रकरण झालं, चार वर्षांची बंदी आली आणि नरसिंग रिओत खेळलाच नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं की कुस्ती लावायला हवी होती, आणि ती दाखवायलाही.

नेमबाजीनं नंतर तो रस्ता धरला. 2024 मध्ये दिल्लीत दोन आणि भोपाळला दोन अशा चार चाचण्या झाल्या, त्यांतल्या उत्तम तीन चाचण्यांच्या गुणांची सरासरी धरली. स्वप्निल कुसाळेनं कैरोतल्या जागतिक स्पर्धेत 2022 मध्येच कोटा मिळवला होता, तरी त्याला या चाळणीतून जावं लागलं. तो गेला आणि पॅरिसहून कांस्य घेऊन आला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याच कैरोत दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला होता, कोटाही त्यानंच आणला होता. चाचणीत तो मागं पडला आणि जागा संदीप सिंग (हा नेमबाज, हॉकीवाला नव्हे) व अर्जुन बबुताला मिळाल्या. बबुता पॅरिसमध्ये चौथा आला. रुद्रांक्षवर अन्याय झाला का, यावर आजही कुणी तावातावानं बोलू लागलं तर चारही चाचण्यांचे दशांशापर्यंतचे गुण समोर ठेवता येतात. नरसिंग-सुशीलच्या वादात ठेवायला कुणाकडंच काही नाही.