वर्कस्पेसमधलं फोल्डरांचं झाड आलं कुठून?

डेटा इंटिग्रेशनच्या, म्हणजे ठिकठिकाणचा डेटा एकत्र आणणाऱ्या टूलमध्ये प्रोजेक्ट उघडला की डावीकडे फोल्डर दिसतात. डिस्कवर ते तसेच असतीलच असं नाही. केलेलं काम डेटाबेसमध्ये ठेवायचं की साध्या फाइलींत, या प्रश्नाला प्रत्येक टूलने वेगळं उत्तर दिलं आणि फोल्डरांची रचना त्यातून ठरत गेली.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या इन्फॉर्मॅटिका कंपनीने पॉवरसेंटर या आपल्या टूलमध्ये डेटाबेसची बाजू घेतली. मॅपिंग (डेटा कुठून कुठे, कसा न्यायचा), सेशन (ते मॅपिंग चालवायची मांडणी), वर्कफ्लो (कामांचा क्रम) सगळं रिपॉझिटरीत, म्हणजे रिलेशनल डेटाबेसच्या टेबलांत. फोल्डरही तिथलीच एक नोंद, आणि फोल्डरात फोल्डर करता येत नाही. मग विषय, टप्पा, टीम हे सगळं नावातच कोंबावं लागतं. मॅपिंगला ‘एम’, सेशनला ‘एस’, वर्कफ्लोला ‘डब्ल्यूएफ’ हे अक्षर आधी लावून पुढे अंडरस्कोर द्यायची शिस्त इथे फार कडक. ती आजही कित्येकांच्या हातातून सुटलेली नाही.

मायक्रोसॉफ्टची वाट वेगळी. १९९८ च्या एसक्यूएल सर्व्हर ७.० या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या डीटीएस या डेटा हलवायच्या टूलची पॅकेजेस बहुधा सर्व्हरच्याच एमएसडीबी या डेटाबेसमध्ये साठवली जायची. २००५ मध्ये त्याच्या जागी एसएसआयएस आलं आणि पॅकेज एक्सएमएल (खुणांनी बांधलेल्या मजकुराची) फाइल होऊन व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या टूलमधल्या प्रोजेक्टात बसलं. कागदावर उत्तम. पण आकृतीतली चौकट जराशी सरकवली तरी फाइल बदलायची आणि दोन आवृत्त्यांतला खरा फरक शोधताना डोळे दुखायचे. २०१२ च्या आवृत्तीत फाइलची मांडणी सुधारली, शिवाय सुटी पॅकेजेस नव्हे तर अख्खा प्रोजेक्ट एकत्र डिप्लॉय करायची, म्हणजे सर्व्हरवर चढवायची सोय झाली.

‘वर्कस्पेस’, म्हणजे सगळं काम ठेवायची जागा, हा शब्द या क्षेत्रात रुळवण्यात एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या टूलचा हात मोठा. आयबीएमने २००१ मध्ये ते मुक्त (ओपन सोर्स) केलं आणि २००६ चा टॅलेंड ओपन स्टुडिओ त्याच्यावरच उभा राहिला. टॅलेंडचा वर्कस्पेस म्हणजे डिस्कवरचा खराखुरा फोल्डर. आत प्रत्येक प्रोजेक्टचा फोल्डर, नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत. स्टुडिओत ज्याला ‘जॉब डिझाइन्स’ म्हणतात, तो डिस्कवर ‘प्रोसेस’ असतो. एका जॉबमागे, म्हणजे डेटा हलवायच्या एका कामामागे, ‘आयटम’ आणि ‘प्रॉपर्टीज’ अशा निदान दोन फाइली, आणि नावातच ०.१ सारखा आवृत्ती क्रमांक. जॉबची ओळख प्रॉपर्टीजमध्येही नोंदलेली असल्यामुळे नाव बदलणं, जॉब हलवणं ही कामं स्टुडिओतूनच करावी लागतात. फाइल एक्सप्लोररमध्ये शिरून आवराआवर करू गेलं की हिशेब बिघडतो. फाइली दिसतात म्हणून त्या आपल्या, हा समज इथे महागात पडतो.

बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांच्या केटल या टूलमध्ये दोन्ही सोयी होत्या: फाइल किंवा डेटाबेस रिपॉझिटरी. २००६ मध्ये केटल पेंटाहो कंपनीकडे गेलं. पुढे त्यातूनच अपाचे हॉप फुटलं आणि त्याने रिपॉझिटरी काढूनच टाकली. माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं, कारण तोवर टीम गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलवर आल्या होत्या आणि टूलने स्वतःचं वेगळं आवृत्ती-नियंत्रण सांभाळत बसण्यात अर्थ उरला नव्हता. हॉपमध्ये प्रोजेक्ट हा साधा फोल्डर. कनेक्शनसारखी माहिती त्यातल्या ‘मेटाडेटा’ फोल्डरात जेसन या साध्या मजकुराच्या फाइलींत. डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन यांचे सर्व्हर आणि पासवर्ड मात्र ‘एन्व्हायर्न्मेंट’च्या फाइलींत, प्रोजेक्टच्या बाहेर ठेवता येतात. त्यामुळे तोच प्रोजेक्ट तिन्हीकडे एकही फाइल न बदलता चालतो.