पीएसए कमी आला तरी हार्मोन इंजेक्शनची तारीख चुकवू नका

प्रोस्टेट कॅन्सरचं इंजेक्शन आमच्या मेडिकलमधून नेणारे बरेचजण एकच विचारायलेत, पीएसए (रक्ताच्या तपासणीत दिसणारं प्रोस्टेटचं प्रथिन) तर पार खाली आलाय मग आता इंजेक्शन कशाला, आणि काहीजण न विचारताच बंद करायलेत, म्हणून हा कागद छापलाय.

प्रोस्टेटच्या पेशीत अँड्रोजन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन त्याला चिकटलं की ते पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि पेशीला वाढायला लावतं, अन् पीएसए पण त्याच्याच हुकुमानं तयार होतो. ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शननं टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, रिसेप्टर उपाशी राहतो, म्हणून पीएसए उतरतो. रिसेप्टर कुठं गेलेला नसतो बरं का, असर संपून हार्मोन वाढलं की परत कामाला लागतो. हार्मोन तोडलं की हा आजार दबतो हे चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी 1941 मध्येच दाखवलं, 1966 ला त्यांना नोबेल मिळालं.

पहिल्या इंजेक्शननंतर काही दिवस टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून डॉक्टर जोडीला बायकॅल्युटामाइडची गोळी देतात, ती रिसेप्टरवर स्वतःच जागा धरून बसते. दोन दोन औषधं कशाला म्हणून ती गोळी दुकानात परत करायला आणू नका.

मागच्या पावसाळ्यात एक काका तीन महिन्यांचं इंजेक्शन पाच महिन्यांनी घ्यायला आले, पेरणीत राहून गेलं म्हणाले, खिशात जुन्या डब्याचं घडी घातलेलं कव्हर, आणि आजच पाहिजे कारण संध्याकाळची एसटी गाठायची होती. आमच्याकडं नव्हतं. महागाचं औषध आहे, काही कंपन्यांचं फ्रिजमध्येच ठेवावं लागतं अन् आपल्या परभणीत लाईटचा काय भरवसा, म्हणून आम्ही ते भरून न ठेवता संभाजीनगरहून तुमच्या नावानं मागवतो, यात कुणाची अडवणूक नाही, तुम्हाला चांगला माल मिळावा एवढंच. काकांना परत जावं लागलं, आम्हालाही लई वाईट वाटलं.

त्यामुळं इंजेक्शन घेतलं त्याच दिवशी चिठ्ठी दाखवून पुढची तारीख आमच्या वहीत लिहून जा, आठ दिवस आधी आम्ही फोन करतो, फ्रिजमधलं असलं तर बर्फाच्या डब्यात देतो, ते उन्हात गाडीच्या डिकीत टाकू नका. अंगातून वाफा निघतात, कंबर दुखते असं असलं तर डॉक्टरांना सांगा. काही पेशंटला ते मुद्दाम मध्ये गॅप देतात पण रिपोर्ट बघून, तो गॅप आपल्या मनानं घ्यायचा नसतो. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी ऑर्डर लावून ठेवतो.