गळतीवर चालणारा न्यूरॉन

ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बटण, चालू नाहीतर बंद, असं आपण शिकतो. पण बंद केलेला ट्रान्झिस्टर कधीच पुरता बंद नसतो. वायसर झिजलेल्या नळासारखा तो ठिबकत राहतो. मोबाइल खिशात नुसता पडून असताना बॅटरी उतरते, त्यात या गळतीचाही वाटा असतो. त्यामुळे चिपचं डिझाइन करणाऱ्यांना ती नकोशी वाटते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड यांना मात्र याच ठिबकण्यात मेंदूशी साम्य दिसलं.

ट्रान्झिस्टरच्या गेटवरचं, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावरचं, व्होल्टेज उंबरठ्याच्या, म्हणजे तो चालू होण्याच्या पातळीच्या, खाली असताना प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही, पटीत वाढतो. नेहमीच्या तापमानाला आदर्श ट्रान्झिस्टरमध्ये दर ६० मिलिव्होल्टला तो दहापट होतो. उष्णतेने सैरावैरा झालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी किती जण वाटेतला ऊर्जेचा चढ पार करतील, यावर हे ठरतं. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुलाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ साली जे मांडलं, त्यातही अशीच पटीतली वाढ होती: पेशीच्या पडद्यातून आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, मिळणारी वाट व्होल्टेजबरोबर सुरुवातीला पटीने रुंदावते. मीड म्हणाले, मग हे गणित वेगळ्या प्रोग्रॅमने कशाला सोडवायचं? सिलिकॉन ते आपसूकच सोडवतो आहे. अशा सर्किटांना त्यांनी 'न्यूरोमॉर्फिक', म्हणजे चेतापेशींच्या घडणीची, म्हटलं आणि १९९० साली त्यावर सविस्तर लेख लिहिला.

हे सर्किट समजायला लग्नातलं घटिकापात्र आठवावं. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर तरंगत असते. पाणी हळूहळू आत शिरतं, बराच वेळ काही घडत नाही, आणि मग वाटी एकदम बुडते. घटका भरली. वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायची. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, हाही असाच आहे. इतर पेशींकडून येणारा भार साठत जातो, उंबरठा गाठला की क्षणभराचा विजेचा ठोका उमटतो, आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. फरक इतकाच, की न्यूरॉनमध्ये साठलेलं सतत थोडं गळतही असतं. त्यामुळे जुने थेंब विसरले जातात आणि लागोपाठ आलेल्यांनाच किंमत मिळते. मीड यांच्या सर्किटात वाटीच्या जागी विजेचा भार साठवणारा कपॅसिटर आहे. उंबरठा ओलांडल्याचं ओळखायला मोजके ट्रान्झिस्टर आहेत, आणि कपॅसिटर रिकामा करायला आणखी एक-दोन.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. मेंदूची कामं मिलिसेकंदांच्या चालीने होतात. चिपवर मावेल असा कपॅसिटर साधारण १ पिकोफॅरडचा धरू. घरच्या पंख्याला लागणाऱ्या अडीच मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा हा पंचवीस लाखावा भाग झाला. चालू ट्रान्झिस्टरने १० मायक्रोअँपिअर सोडले, तर तो सेकंदाच्या कोटीव्या भागात १ व्होल्टपर्यंत भरेल. आपल्याला तर तो १० मिलिसेकंदांत भरायला हवा. त्यासाठी प्रवाह लागतो १०० पिकोअँपिअर, म्हणजे लाखपट कमी. एवढा नाजूक प्रवाह फक्त उंबरठ्याखालीच मिळतो.

पण हाच गुण गळ्याशीही येतो. एकाच चिपवरचे दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. त्यांच्या उंबरठ्यात १० मिलिव्होल्टचा फरक असला, तरी प्रवाहात जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो. डिझाइनचं खरं कसब इथे लागतं, असं मला वाटतं. कुठे ट्रान्झिस्टर मोठा करायचा, कुठे तफावत चालवून घ्यायची आणि कुठे शिकण्याच्या प्रक्रियेवर तिची भरपाई सोपवायची, हे एकेका जागी ठरवावं लागतं.

तारांचा प्रश्न वेगळाच. मेंदूतला एक न्यूरॉन हजारो न्यूरॉनांना जोडलेला असतो, तर सपाट चिपवर एवढ्या तारांना जागाच नाही. मीड यांची विद्यार्थिनी मिशा माहोवाल्ड हिने यावर काढलेली तोड मला फार आवडते. समजा पोस्टकार्डावर फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, मजकूर कोरा. पत्र कधी आलं, हाच निरोप. तसंच न्यूरॉनने ठोका दिला, की तारेवरून फक्त त्याचा पत्ता जातो. न्यूरॉन सेकंदाला फार तर काहीशे ठोके देतो, आणि तारेतून त्याच सेकंदात लाखो पत्ते जाऊ शकतात. म्हणून हजारो न्यूरॉन एकाच सामायिक तारेवर सुखाने नांदतात. डोळ्याच्या पडद्यासारखं काम करणारी सिलिकॉनची चिपही तिनेच मीड यांच्यासोबत घडवली. १९९६ साली, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी ती गेली. तिची ही पत्त्यांची पद्धत आजही न्यूरोमॉर्फिक चिपांमध्ये वापरात आहे.

पुढे मोठ्या कंपन्या यात उतरल्या. आयबीएमची २०१४ सालची ट्रूनॉर्थ चिप १० लाख न्यूरॉन आणि २५.६ कोटी सिनॅप्स (न्यूरॉनांमधले जोड) सांभाळत सुमारे ७० मिलिवॉटवर चालत होती. इंटेलची 'लोइही' नावाची चिप २०१७ साली आली. दोन्ही चिपांनी स्मृती आणि गणन शेजारी-शेजारी ठेवलं आणि ठोका आला तरच काम करायचं हे तत्त्व पाळलं. त्यांचे न्यूरॉन मात्र डिजिटल, आकडे मोजणारे आहेत. हजारो सारख्या चिपा बिनचूक बनवायच्या तर हा निर्णय शहाणपणाचाच होता. तरीही पदार्थाच्या स्वभावालाच गणित करू द्यायचं, ही मीड यांची मूळ कल्पना त्यात बाजूला पडली.

ती कल्पना मुंबईत, पवईच्या आयआयटीत, पुन्हा भेटते. तिथे प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने न्यूरॉनचा कपॅसिटर भरायला आणखी एक गळती वापरली. ट्रान्झिस्टर बंद असताना इलेक्ट्रॉन ऊर्जेचा अडथळा ओलांडत नाहीत, क्वांटम टनेलिंगने थेट त्याच्या आरपार निघतात, ती ही गळती. तिचा प्रवाह इतका क्षीण असतो, की कपॅसिटर आणखी लहान चालतो आणि प्रत्येक ठोक्याला लागणारी ऊर्जाही त्याबरोबर घटते.