थोडी माया ठेवून कापा

मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन फोन आणि एक कॅमेरा मिळून साठेक क्लिप होत्या. मी हुशारी केली. बसल्या बसल्या फोनवरच प्रत्येक क्लिपचं डोकं-शेपूट छाटलं, ते नीटनेटके तुकडे कॉम्प्युटरवर घेतले आणि जागा मोकळी करायला मूळ क्लिप पुसून टाकल्या. मग औक्षण आणि पंगत यांच्या मध्ये एका सेकंदाचा डिझॉल्व्ह टाकला. एक चित्र विरत जातं आणि त्यातून दुसरं उगवतं, तोच हा प्रकार. सॉफ्टवेअर कुरकुरलं, की पुरेसं चित्रण नाही, त्याच त्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली सुटी चित्रं, पुन्हा वापराव्या लागतील. मी ‘ओके’ दाबलं.

चालवून पाहिलं तर मामेबहिणीचा ओवाळणारा हात अधांतरी थबकला, कणकेच्या दिव्यांच्या ज्योती जागच्या जागी थिजल्या आणि त्या थिजलेल्या चित्रातून पंगत वर आली.

झालं होतं असं. डिझॉल्व्ह चालू असताना दोन्ही क्लिप एकाच वेळी पळत असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या आणि डिझॉल्व्ह कटाच्या, म्हणजे दोन क्लिप जुळतात त्या जागेच्या, दोन्ही बाजूंना सारखा बसवला, तर कट झाल्यावरही औक्षण १२-१३ फ्रेम दिसत राहायला हवं आणि पंगत कटाच्या तितकीच आधी सुरू व्हायला हवी. म्हणजे डिझॉल्व्हचं निम्मं चित्र येतं ते आपण नको म्हणून कापलेल्या भागातून. तो भागच नसेल तर सॉफ्टवेअर शेवटची फ्रेम ताणत बसतं.

शिवणकाम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. नेमक्या मापावर कापड कापलं तर शिवण घालायची कुठे? म्हणून कडेला थोडी माया सोडतात. एडिटिंगवाले तिला हँडल म्हणतात. मला माया हाच शब्द बरा वाटतो.

टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीनं मांडतात त्या पट्टीवर, क्लिप छोटी केली तर माया नाहीशी होत नाही, फक्त झाकली जाते. कड धरून ओढली की परत बाहेर येते. फोनमध्ये छाटून नवी फाइल केली आणि मूळ पुसली, की ती कायमची गेली. त्यामुळे कापाकापी टाइमलाइनवरच करावी आणि दोन्ही टोकांना एकेक सेकंद तरी राहू द्यावा. मी आता दोन ठेवतो.

पण माया असून भागत नाही, ती स्वच्छही लागते. दुसऱ्या एका क्लिपच्या शेवटी भाच्यानं ‘झालं का रे?’ म्हणत फोन खाली केला होता. ती माया डिझॉल्व्हमध्ये आली आणि मामांच्या हसऱ्या चेहऱ्यावर क्षणभर दारातल्या चपलांची रांग तरळून गेली. अशा वेळी कटच दहा-पंधरा फ्रेम अलीकडे सरकवायचा.

ही अडचण कॉम्प्युटरनं आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन जादूच्या कंदिलांचा, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यांचा, झोत एकाच पडद्यावर पाडून, एक मंद करत दुसरा उजळवत ‘विरघळती दृश्यं’ दाखवायचे. कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेच्या, म्हणजे त्यांच्या जादूच्या कंदिलाच्या खेळाच्या, कुळातलाच हा प्रकार. पुढे फिल्मच्या काळात एडिटर कामाच्या प्रिंटवर मेणाच्या पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढून डिझॉल्व्ह कुठून कुठे ते सांगायचा आणि लॅबला दोन्ही शॉट तेवढे जास्तीचे द्यावे लागायचे. माया तिथेही होतीच.

कंदिलात आणि कॉम्प्युटरमध्ये एक फरक मात्र आहे आणि मला तो फार गमतीचा वाटतो. पडद्यावर दोन झोत पडले की उजेडात उजेड मिसळतो. सॉफ्टवेअर बहुधा उजेड मिसळत नाही, आकडे मिसळतं. पांढऱ्याचा आकडा २५५, काळ्याचा ०, निम्मं-निम्मं केलं की १२८. पण हे आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून ते मुद्दाम वाकवलेले असतात. स्क्रीनवर १२८ म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड. कंदिलानं ५० टक्के दिला असता. त्यामुळे साध्या डिझॉल्व्हमध्ये लखलखीत गोष्टी भराभर मळकट होतात. उजेडाच्या हिशेबानं मिसळण केली तर ज्योती शेवटपर्यंत रेंगाळतात, बाकीचं चित्र आधी जातं. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला ‘फिल्म डिझॉल्व्ह’ हेच करतो. दिवे, फटाके, पाण्यावरचं ऊन असेल तिथे दोन्ही प्रकार लावून बघा. एरवी फारसा फरक कळत नाही.

क्लिपची आणखी एक तयारी डिझॉल्व्ह टाकायच्या आधीच व्हायला हवी. कॅमेरा २५ फ्रेमवर होता, फोन ३० वर. २५ च्या टाइमलाइनवर फोनची क्लिप बसवली की साधारणपणे दर सहा फ्रेममागे एक गाळली जाते आणि संथपणे फिरवलेला शॉट ठेचकाळत चालतो. शिवाय फोनचे ३० म्हणजे काटेकोर ३० नव्हेत. उजेड कमी झाला की बरेच फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतात आणि फ्रेमची संख्या घटते. मग आवाज आणि ओठ यांची फारकत होऊ शकते. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून क्लिप ठरावीक फ्रेमरेटवर काढून घेतली की हा त्रास आधीच मिटतो.

आणि डिझॉल्व्ह बघताना कॉम्प्युटर अडखळला तर लगेच डिझॉल्व्हला दोष देऊ नका. फोनच्या क्लिपमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेम म्हणजे ‘आधीच्यापेक्षा एवढं बदललं’ अशा नोंदी. एक फ्रेम उभी करायला मागच्या कित्येक वाचाव्या लागतात आणि डिझॉल्व्हमध्ये हे दोन क्लिपसाठी एकदम. एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी फाइल, बनवून घ्या, नाहीतर क्लिप प्रोरेससारख्या फाइलप्रकारात बदला, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. शेवटची फाइल काढताना बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला दिलेल्या डेटाची, कंजुषी केली तर चौकोन दिसतात तेही बहुधा याच जागी, कारण तिथे अख्खं चित्रच फ्रेमागणिक बदलत असतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. टाळ्यांतून पंगतीच्या गलक्यात जाताना दोन्ही आवाज मध्यावर निम्म्या पातळीला आणले, तर एकूण ऊर्जा निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबलचा खड्डा पडतो. म्हणून ‘कॉन्स्टंट पॉवर’ नावाचा फेड दोघांना मध्यावर सुमारे ७१ टक्क्यांवर ठेवतो.

राहिलं औक्षण. मूळ क्लिप गेलेली, माया कुठून आणणार? क्लिपचे शेवटचे दोन सेकंद, म्हणजे ५० फ्रेम, ८० टक्के वेगानं चालवले. त्यांच्या ६२ झाल्या, १२ फ्रेम हाती आल्या. डिझॉल्व्हही जरा छोटा केला, तेव्हा कुठे जमलं. नीट पाहिलं तर मामेबहिणीचा हात शेवटी किंचित हळू फिरतो, पण तो मलाच दिसतो असं वाटलं होतं.

मामांनी चष्मा लावून सगळा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, “त्या दिवशी गुरुजींची घाई चालली होती ना रे? इथं मात्र ओवाळणं बरंच निवांत झालंय.”