बर्बनच्या पिंपातली स्टाउट आणि स्कॉचच्या पिंपातली स्टाउट

स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, घेताना बाटलीवर ‘व्हिस्की बॅरल एज्ड’ (व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली) एवढंच वाचून बहुतेक जण पुढे जातात. व्हिस्की कुठली, हेही बघायला हवं. केंटकीच्या बर्बनच्या (मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरलेली स्टाउट आणि स्कॉचच्या पिंपात मुरलेली स्टाउट ग्लासात सारख्याच काळ्या दिसतात, पण चवीला अगदी वेगळ्या लागतात.

फरकाचं मूळ कायद्यात आहे. अमेरिकेत बर्बन नव्या कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते. पिंप एकदा वापरलं की बर्बन बनवणाऱ्याला त्याचा उपयोग संपतो. मग साधारण २०० लिटरची ही पिंपं विकली जातात. बरीचशी स्कॉटलंडला जातात, काही बिअरवाले घेतात. स्कॉचला असं बंधन नाही. पिंप ओकचं हवं, ७०० लिटरपेक्षा मोठं नको आणि व्हिस्की त्यात किमान तीन वर्षं राहायला हवी. जुनं पिंप चालतं, किंबहुना जुनंच वापरतात. म्हणजे स्कॉचचं पिंप स्टाउटच्या वाट्याला येतं तेव्हा त्याने आधी बर्बन किंवा शेरी ही स्पॅनिश वाइन पाहिलेली असते, आणि त्यानंतर कित्येक वर्षं स्कॉच. त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चहा उकळावा, तसं लाकडाचं होतं.

बर्बनच्या पिंपाची मात्र पहिलीच उकळी झालेली असते. लाकूड जाळताना त्यातल्या लिग्निन या घटकातून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन सुटतं, लाकडातल्या साखरेचं कॅरॅमल होतं, शिवाय अमेरिकन ओकचा ओल्या खोबऱ्यासारखा वास असतोच. हे सगळं स्टाउटमध्ये उतरतं. फळ्यांमध्ये मुरलेली बर्बनही उतरते आणि बिअर आणखी कडक होते. या प्रकाराचं ठळक उदाहरण म्हणजे शिकागोच्या गूस आयलंड या ब्रुअरीची ‘बर्बन काउंटी स्टाउट’. नव्वदच्या दशकात सुरू झालेली ही बिअर अल्कोहोलला साधारण १४ टक्क्यांच्या घरात असते. पहिल्या घोटात व्हॅनिला, मग चॉकलेट, मग घशाला ऊब. भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा गोडव्याखाली दबतो. भरपूर, थेट, लगेच आवडणारी चव.

स्कॉचच्या बाजूला मला हार्वीस्टन या स्कॉटिश ब्रुअरीची ‘ओला दूव’ समोर ठेवावीशी वाटते. काटेकोर बोलायचं तर ती स्टाउटच्या कुळातली काळी एल आहे. ती स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या हायलंड पार्क या स्कॉच बनवणाऱ्या डिस्टिलरीच्या पिंपांत मुरते. तिच्या लेबलवर १२, १६, १८ असे आकडे असतात आणि तिथे हमखास घोटाळा होतो. ते वय बिअरचं नाही, त्या पिंपात आधी असलेल्या व्हिस्कीचं आहे. बिअर पिंपात फक्त काही महिने असते. अल्कोहोल ८ टक्के, म्हणजे शिकागोवालीच्या जवळपास अर्धं. इथे लाकूड मागे राहतं आणि पुढे येतो पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचं जळण; व्हिस्कीची बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात. ऑर्कनीवर झाडं फारशी नाहीत, त्यामुळे तिथला पीट बराचसा हेदरच्या झुडपांचा. त्याचा धूर मऊ असतो, औषधी नसतो.

हा धूर ओळखणंच अवघड. स्टाउटमध्ये भाजलेल्या बार्लीचा जळकटपणा आधीच असतो आणि नवख्याला दोन्ही एकच वाटतात. बार्लीचा जळकटपणा जिभेच्या मागच्या बाजूला कडू लागतो, करपलेल्या कॉफीसारखा. पीट नाकात राहतो. ग्लास रिकामा करून दहा मिनिटांनी हुंगा: कॉफीचा वास बराच उतरलेला असतो, धुराचा ग्लासाला धरून असतो.

आंबटपणा आला तर मात्र दोन्हीकडे सावध व्हावं. लाकूड सच्छिद्र असतं, त्यात जिवाणू दडू शकतात. बर्बन काउंटीच्या २०१५ च्या काही बाटल्या अशाच आंबल्या होत्या. कंपनीने ग्राहकांना पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासून बिअर पाश्चराइझ करायला घेतली. मुद्दाम आंबवलेली बिअर नसेल, तर तिखट आंबट चव ही ‘पिंपाची खासियत’ म्हणून गोड मानून घेऊ नये.

दोन्ही एकाच संध्याकाळी चाखायच्या असतील तर स्कॉचवाली आधी. उलट केलंत तर व्हॅनिलाने भरलेल्या जिभेला ती पाणचट वाटेल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल. थेट फ्रिजमधून काढून पिऊ नका. थंडीत धूरही लपतो आणि खोबरंही. अर्धा तास बाहेर ठेवा, १२ ते १४ अंशांवर आली की तोंडाशी निमुळत्या लहान ग्लासात दोन बोटं ओता. बर्बनवालीची एक बाटली चौघांत पुरते. १४ टक्के म्हणजे वाइनइतकी कडक, आणि गोडव्यामुळे ते पिताना कळत नाही.